नाकावरचं लोणी

माझ्या धाकट्या भावाच्या, हेडलीच्या सत्तराव्या वाढदिवसाला सकाळी मी त्याच्या नाकाला लोणी लावलं. वाढदिवसाला नाक ओशट असलं की वर्षभराची पीडा घसरून जाते, असं आमची आई म्हणायची. त्याची बायको मर्टल दरवर्षी लावायची. ती गेल्या हिवाळ्यात गेली, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

रेडिओवर दिनविशेष चालू होता. "एकतीस मार्च. एकोणीसशे एकोणपन्नास साली आजच्याच दिवशी, मध्यरात्रीच्या जरा आधी, तोवर वेगळा देश असलेलं न्यूफाउंडलंड कॅनडात सामील झालं. आणि आजचे वाढदिवस... हेडली बडजेल, लोअर टिकल!"

"ऐकलंस, पोरी?" हेडली म्हणाला. आमच्या किनाऱ्यावर अठ्ठ्याहत्तरीची बाईही 'पोरी'च असते. "मध्यरात्रीच्या जरा आधी. आणि मी दिवेलागणीचा. म्हणजे मी आपल्या देशात जन्मलो, त्यांच्या नाही."

"सत्तर वर्षं हेच ऐकतेय."

"आता दगडावर वाचशील. क्लायड पाथरवट उद्या छिन्नी लावणार."

मर्टलच्या थडग्याचा दगड त्याने दोघांचा मिळून घेतला होता. तिच्या नावाशेजारी याचं नाव आणि जन्मतारीख, खाली 'न्यूफाउंडलंड देशात जन्म'. मरणाची जागा तेवढी कोरी.

पण तो चहा नुसता ढवळत बसला होता.

"एफी, त्या दिवशी घरात असलेलं आता तुझ्याशिवाय कोणी उरलं नाही. दगडावर एकदा कोरलं की पुसता येत नाही. दिवेलागणच होती ना?"

"बाबा तसंच सांगायचे. पाद्रीबाबांनाही त्यांनी तेच सांगितलं."

"बाबांचं नको. तुला काय आठवतं ते सांग."

मला काय आठवतं? काळं कापड आठवतं. बाबांना कॅनडात जाणं मान्य नव्हतं. आपला देश मेला म्हणाले आणि आईचा काळा घागरा उसवून दारावर टांगला. आई आत कळा देत होती. ट्रायफीना मावशी, आमच्या गावची सुईण, टेकडी चढून आली, दारावरचं काळं पाहिलं आणि तिथूनच रडत माघारी फिरली. बाळंतीण गेली असं वाटलं तिला. मी आठ वर्षांची. बर्फातून अनवाणी तिच्यामागे धावले, "मावशी, आई जिवंत आहे! आपला देश मेलाय!"

इथपर्यंतची गोष्ट मी प्रत्येक वाढदिवसाला सांगत आले आहे. इथे सगळे हसतात आणि कोणीतरी केक कापतं. या वेळी हेडली हसला नाही.

"पुढे?"

"पुढे ती आली आणि बाबांवर तुटून पडली."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, एप्रिल फूल करायचं तर बाराच्या आत करावं, लेव्ही! बारा वाजून गेलेत, आता मूर्ख तूच!"

बोलून गेले आणि माझं मलाच कळेना मी काय बोलले. आमच्याकडे ते थट्टेचं राज्य दुपारी बारापर्यंतच. नंतर फसवायला गेलेला स्वतःच मूर्ख. पण मार्चमध्ये कोण कोणाला एप्रिल फूल म्हणेल?

"थांब," हेडली म्हणाला. "तेव्हा मी झालो होतो?"

"नाही रे पोरा. तिने येऊनच तर तुला काढलं."

"मग एक तारीख? दुपारी?"

"पण दिवा लावलेला मला दिसतोय. बाबा कंदिलाची काच पुसत होते."

"कुठल्या दिवशी?"

तेच सांगता येईना. कंदील एका संध्याकाळचा, कापड दुसऱ्या सकाळचं, की दोन्ही एकाच दिवसाचं? आईच्या कण्हण्याबरोबर तर दोन्ही आठवतात. पण मावशीचा तो आवाज, कमरेवरचे ते हात, ते काही मी रचलेलं नाही.

हेडलीने चहाचा कप बाजूला सारला. "म्हणजे जन्मभर मी कॅनडावाल्यांना शिव्या दिल्या, आणि मी मात्र..."

"कॅनडात जन्मलेला आपल्या घरातला पहिला."

"आणि एप्रिल फूलसुद्धा नाही. बारा वाजून गेल्यावरचा!" हसतोय की रडतोय ते मला कळलं नाही. "मग बाबा खोटं का बोलले, एफी?"

"मेलेल्या देशाचं काहीतरी घरात राहावं, असं वाटलं असेल. मला काय ठाऊक."

त्याने बाहीने नाकावरचं लोणी पुसलं. केकवर झाकण ठेवलं.

"उद्या लाव लोणी."

"क्लायडला फोन कर आधी. तो सकाळीच छिन्नी लावेल."

त्याने फोन उचलला. "क्लायड? हेडली बोलतोय. उद्या दुपारपर्यंत दगडाला हात लावू नकोस... तारीख चुकलीय... नाही, आत्ता नाही सांगत. उद्या बारा वाजून गेल्यावर फोन करतो. सकाळी सांगितलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस."