चौथं टोक

मित्रांनो, मी एक जुनी काळी घोंगडी. माझ्या एका टोकाला वीतभर फाटलेलं आहे आणि ते अजून कुणी शिवलेलं नाही. गोष्ट त्या टोकाचीच आहे.

पळसदेवच्या माळावर चरणाऱ्या मेंढ्यांची लोकर गेणूआबांनी कातरली, घरच्या बायांनी तिचं सूत काढलं. मागावरून उतरल्यावर आबांनी चिंचोक्याची खळ लावून मला उन्हात ताणलं, तेव्हा मी पत्र्यासारखी ताठ होते. त्यांची सून बाळंतपणात अडली होती, तेव्हा लीलाबाई दोन दिवस तिच्या उशाशी बसून होत्या. लीलाबाई दवाखान्यात आया होत्या. आबांनी मला त्यांच्या खांद्यावर टाकलं.

"ख्रिस्ती बाईला घोंगडी?" कुणीतरी विचारलंच.

"घोंगडीला इटाळ नसतो," आबा म्हणाले.

लीलाबाईंकडे मला विसावा नव्हता. रविवारी त्यांच्या अंगणात प्रार्थनेसाठी आणि गाण्यांसाठी मी अंथरलेली असे. एरवी कुणी आजारी पडलं की मला काखेत मारून त्या निघत. त्यांची लेक रेश्मा विचारी, "आई, मग आपण पांघरायचं काय?" त्या म्हणत, "तू माझ्याजवळ सरक."

शेजारच्या सर्जेरावांना रविवारची ती गाणी खपली नाहीत. डांबरी रस्त्याला जाणारी पायवाट त्यांच्या बांधावरून होती. ती त्यांनी काटेरी तार ओढून बंद केली. तेव्हापासून लीलाबाईंना ओढ्याकडून लांबचा वळसा पडू लागला. तरी निघताना त्या तारेपाशी थांबत आणि सर्जेरावांच्या घरासाठी प्रार्थना करत. रेश्माला त्याचा राग येई.

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेगची साथ आली. तिथं कापडाच्या कारखान्यात कामाला असलेला सर्जेरावांचा युवराज चौथ्या दिवशी घरी परतला तो तापानं फणफणत, खोकत. दुपारपर्यंत गल्ली रिकामी झाली. आत त्याची आई, सारजाबाई, एकटीच होती. सर्जेराव गोठ्यापाशी नाकाला उपरणं लावून उभे होते. इंदापूरला न्यायला जीप आली होती, पण चिखलामुळे ती डांबरीवरच थांबली. अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबणार नाही, असा ड्रायव्हरचा निरोप होता. पोराला उचलायला कुणी पुढे होईना.

लीलाबाई मला घेऊन निघाल्या.

"आई, ह्यांनीच आपली वाट अडवली," रेश्मा म्हणाली.

"तार वाटंवर बांधलीय, माझ्या हातांवर न्हाय. तू आत येऊ नको. पळत जा, जीप धरून ठेव."

त्यांनी युवराजला माझ्यावर घेतलं. त्याच्या अंगाची आग माझ्या धाग्याधाग्यात शिरली. एक टोक लीलाबाईंनी धरलं, एक सारजाबाईंनी. गेणूआबा लांब कडुनिंबाखाली उभे होते.

"आबा, घोंगडीला इटाळ नसतो म्हनला व्हता न्हवं?"

"घोंगडीला म्हनलो. ह्या म्हाताऱ्याचं कुठं काय म्हनलो?" आबा पुटपुटले. मग त्यांनी धोतर खोचलं आणि तिसरं टोक धरलं.

चौथं टोक मोकळंच होतं.

"दादा," लीलाबाई सर्जेरावांना म्हणाल्या, "एक टोक हाय."

सर्जेराव जागचे हलले नाहीत. तिघांनी मला तसंच ओढत नेलं. युवराजचा एक पाय चिखलातून फरफटत होता. ओढ्याच्या वळशाला वेळ नव्हता. रस्त्यावर जीपचा भोंगा वाजत होता. सगळे तारेपाशी येऊन थांबले.

सर्जेराव मागून, अंतर राखून येत होते. हातात पक्कड होती. त्यांनी एक तार तोडली, दुसरी तोडली. तिसरी तुटताना उसळली आणि माझ्या मोकळ्या टोकात रुतली. तिघं पुढे ओढत होते, मी फाटत होते. सर्जेरावांनी वाकून काटा सोडवला. टोक त्यांच्या हातात होतं. नाकावरचं उपरणं गळून पडलं. ते उचलायचं तर टोक सोडावं लागलं असतं.

त्यांनी टोक सोडलं नाही.

डॉक्टरांनी दोन दिवसांनी सांगितलं, प्लेग नाही, न्यूमोनिया आहे. पण त्या वाटेवर हे चौघांनाही ठाऊक नव्हतं. युवराज महिन्यानं त्याच पायवाटेनं चालत घरी आला. तार परत ओढली गेली नाही.

अठ्ठ्याण्णव साली लीलाबाई गेल्या. रेश्मानं मला धुतलंसुद्धा नाही. आईचा वास जाईल म्हणून तिनं मला तसंच ट्रंकेत ठेवलं. कधीमधी ती झाकण उघडते, तोंड माझ्यात खुपसते आणि झाकण लावते. मित्रांनो, तुमच्याही घरात गेलेल्या माणसाची अशी एखादी वस्तू असेल. ती जपा, पण तिला तिचं काम करू द्या. अंधारात पडून मला कसर लागते आहे आणि बाहेर कुणीतरी कुडकुडत असेल, हे मला ठाऊक आहे.

आज सकाळी सारजाबाई त्याच पायवाटेनं आल्या. "रेश्मा, ऊसतोडवाल्यांच्या पाचटाच्या कोप्यांत एक बाळंतीण हाय. लेकराच्या अंगावर पोतं हाय गं नुसतं."

 मग ट्रंकेचं झाकण उघडलं. रेश्माच्या बोटांनी माझं फाटकं टोक चाचपलं. या वेळी तिनं तोंड खुपसलं नाही.

"कितवी कोपी?" तिनं विचारलं.