समुद्रसपाटीपासून

चाकं बाहेर आल्याचा आवाज झाला. खिडकीबाहेर पुणं दिसायला हवं होतं, पण नुसता पांढरा ढग. तेवढ्यात विमानाचं नाक एकदम वर उचललं गेलं, इंजिनं गरजली आणि माझ्या मांडीवरचं बाळ दचकून रडायला लागलं.

"लेडीज पायलट हाय म्हनं आत," मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं. "तरीच."

शेजारी बसलेल्या आप्पांनी, माझ्या सासऱ्यांनी, ते ऐकलं.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "चुकली का गं पोर?"

पोर म्हणजे माझी नणंद माया. पुढच्या बंद दारामागं, कॅप्टनच्या शेजारी बसलेली. दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली. नागपूरला दीक्षाभूमीवर आम्ही रेल्वेच्या पासवर गेलो होतो. परतीचं तिकीट मायानं काढलं, तिच्याच विमानाचं. पुण्यात माझे मिस्टर आणि कॉलनीतले सोपानराव हार घेऊन थांबले होते.

"चुकली नाही, आप्पा. तुम्ही पाट्या रंगवायचात ना, त्यातलंच आहे हे."

आप्पा रेल्वेत पेंटर होते. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाचं नाव, आणि खाली बारीक अक्षरात समुद्रसपाटीपासूनची उंची. हापिसातून आकड्याचा कागद यायचा, आप्पा रंगवायचे. तो आकडा कशासाठी, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मला मायानं सांगितलं होतं. मी नवी नवरी होते तेव्हा ती पायलटच्या परीक्षेचा अभ्यास करायची; ती भाकरी थापत उत्तरं द्यायची आणि मी पुस्तक धरून प्रश्न विचारायचे. एक प्रश्न मलाच समजेना, तर मला दौंडच्या फलाटावर घेऊन गेली. म्हणाली, "वहिनी, तू जमिनीवरच उभी हायस. तरी समुद्रापासनं पाचशे मीटर वर. आप्पांनीच लिवलंय बघ."

आता तेच मी आप्पांना सांगितलं. विमानातला उंचीचा काटा समुद्रापासून मोजतो. पुण्याची जमीनच साडेएकोणीसशे फूट वर. काट्यावर बावीसशे दिसले, तर पायाखाली उरतात जेमतेम अडीचशे. म्हणून ढगातून उतरताना एक उंची आधीच ठरवलेली असते. तिथवर यायचं. धावपट्टी दिसली तर उतरायचं, नाहीतर लगेच वर. तिथं पोचल्यावर विचार करत बसायचं नाही; विचार आधी करून निघायचं. आज विमान कॅप्टनच्या हातात, आणि ती उंची आली की धावपट्टी दिसते का ते सांगायचं काम मायाचं.

बाळ माझ्या खांद्यावर मुसमुसत होतं. आप्पांनी पुढच्या दाराकडं बोट केलं.

"मी मागं बसलोय, ठावं हाय तिला?"

"आहे की. सकाळपासून तेच चाललंय तिचं."

"आन् खाली लोक हार घिऊन हायेत, ते?"

"ते पण."

"तरी म्हनली, दिसत न्हाई?"

"तरी."

आप्पांनी टोपी नीट केली. मग मागं वळून त्या माणसाला शांतपणे म्हणाले, "माझी लेक हाय ती."

विमान मुंबईला गेलं. उतरताना माया दारात उभी होती, टोपी काखेत धरून. बाकीच्यांना ती हसून नमस्कार करत होती. आप्पा समोर आल्यावर तिला हसू जमेना.

"आप्पा, तुम्हाला पुण्यातच उतरवायचं व्हतं ओ."

"असू दे," आप्पा म्हणाले. "मी तरी कागद बघितल्याबिगर आकडा कवा रंगवला?"

मायानं मान खाली घातली आणि बाळाचा पाय उगाच कुरवाळत राहिली. मागचा माणूस तिच्याकडं न बघताच पुढं गेला.

दौंडला आम्ही रेल्वेनंच पोचलो. फलाटावर माझे मिस्टर आणि सोपानराव तोच हार घेऊन उभे, फुलं माना टाकलेली.

"काय मच्छिंद्रा, लेकीला पुणं घावलं न्हाई व्हय?" सोपानराव हसत म्हणाले. "किती खाली आल्तं इमान?"

"कुठनं मोजून सांगू?" आप्पा म्हणाले. "समुद्रापासनं, का जमिनीपासनं?"

आप्पा पाटीजवळ गेले. रंग जुना झाला होता, पण आकडा त्यांच्याच हातचा. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी आकड्यावरची धूळ पुसली, टोपी झटकली आणि पुन्हा डोक्यावर ठेवली.