होळगीची पैज

हुमनाबादच्या त्या छोट्या रेडिओ केंद्रावर रविवार सोडून रोज संध्याकाळी पाच ते सहा 'मैदान मोकळं' लागायचं. खेळावरच्या गप्पा. लोक मिस्ड कॉल द्यायचे, निवेदक रत्नपाल उलटा फोन लावायचा आणि बोलणं थेट ऐकवायचा. आपला पैसा खर्च न करता आपला आवाज गावभर जावा, असं कोणाला वाटत नाही?

हळ्ळीखेडचा श्रीशैल म्हणायचा, भारत हरला म्हणजे पंच विकला गेला, आणि जिंकला म्हणजे पंच विकायचा राहून गेला. ईरम्मा अक्काला क्रिकेटमधलं ओ की ठो कळायचं नाही, पण कोणी शून्यावर बाद झाला की ती हमखास फोन करायची. "त्याची माय बघायली आसंल का ओ टीव्हीवर? जेवली आसंल का?"

आणि सगळ्यांच्या वर चिटगुप्प्याचे जगदेवप्पा. बियाणांचं दुकान, साठीचं वय, गडगडाटी हसू. फोन उचलला की लिंगायतांचा नमस्कार, "शरणू शरणार्थी, संगमेश अण्णा!" आणि ठेवताना, "मग, होळगी खायला कवा येतावं आमच्या घरी?" होळगी म्हणजे पुरणपोळी. रत्नपालचं उत्तरही ठरलेलं, "हुमनाबाद तालुक्याच्या पोरी जिल्ह्यात कबड्डी जिंकतील त्या दिवशी, अप्पा. ताटावर येऊन बसतो."

पोरी दरवर्षी हरायच्या. तीन वर्षं हीच थट्टा चालली. "पोरी पडल्या, होळगी वाचली," श्रीशैल म्हणायचा. "पुरण आंबलं की ओ," ईरम्मा म्हणायची. बाजारात लोक जगदेवप्पांना अडवून विचारायचे, डाळ शिजत घातली का म्हणून.

संगमेश हे नाव रत्नपालचं नव्हतं. ते केंद्र चालवणाऱ्या सिद्धलिंगप्पानं दिलेलं. पहिल्या दिवशी म्हणाला होता, "रत्नपाल नको. संगमेश कानाला बरं वाटतंय." कोणाच्या कानाला, ते रत्नपालनं विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. कामाची होती. तो संगमेश झाला, शरणूला शरणू म्हणायला लागला. आडनाव कोणी विचारत नव्हतं. नावातच सगळं आलं होतं ना!

यंदा पोरी उपांत्य फेरीत पोचल्या. मंगळवारी हळ्ळीखेडहून धम्मानंद काकांचा फोन आला. हेच पोरींना शिकवायचे, शाळेमागच्या भुईवर, चुन्याच्या रेषा मारून. प्रेरणा नावाची पोरगी चढाईला गेली की कशी मांजरासारखी परत येते, ते त्यांनी मन लावून सांगितलं. बोलणं संपलं आणि काका म्हणाले, "जय भीम."

"जय भीम, काका," रत्नपाल म्हणाला.

विचार करून म्हणाला असता तर म्हणाला नसता. हे शब्द विचार करून येत नाहीत. आईच्या कडेवर असल्यापासून समोरून आले की तोंडातून परत जातात. आणि त्या दोन शब्दांत त्याचा घरचा आवाज निघाला.

काका हसले. "आरं, तू नागनाथ मिस्तरीचा रत्नपाल न्हवं? मी कवाधरनं म्हणायलोय, आवाज वळखीचा वाटायलाय!"

काका आनंदानं म्हणाले. त्यांचा काय दोष? आपलं पोरगं रेडिओवर आहे, छाती फुगली त्यांची. काचेपलीकडं सिद्धलिंगप्पानं कपाळाला हात लावला. रत्नपालला काहीच झालं नाही. घाम नाही, धडधड नाही. दात काढताना सुई मारल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं झालं सगळं अंग. त्यानं पुढचा नंबर लावला.

बुधवारी रोजच्या चाळीस मिस्ड कॉलांचे बावीस झाले. जगदेवप्पांचा नव्हता. गुरुवारी अंतिम सामना झाला आणि पोरी दोन गुणांनी जिंकल्या. जिल्ह्यात पहिल्या!

आता सगळा तालुका एकाच गोष्टीची वाट बघत होता. जगदेवप्पा बोलावतात की नाही. रत्नपालसुद्धा वाट बघत होता, आणि त्याला स्वतःचाच राग यायला हवा होता, तोही येत नव्हता. होळगीचं त्याला काय! त्याला त्या घरात एकदा जाऊन बसायचं होतं. तीन वर्षं ज्याला ये ये म्हटलं, तो माणूस आपणच की दुसरा कोणी, एवढं बघायचं होतं.

शुक्रवारी पाच वाजून सात मिनिटांनी जगदेवप्पांचा फोन आला.

"पोरींनी नाव काढलं बघ," ते म्हणाले. शरणू नाही, अण्णा नाही. "आपला शब्द म्हंजे शब्द. होळगी उद्या पोचती करतो."

पोचती करतो. सिद्धलिंगप्पानं काचेआडून टाळ्या वाजवल्या.

शनिवारी ते खरंच आले. केंद्राच्या जिन्यावरच थांबले. हातात आइस्क्रीमचा रिकामा झालेला प्लास्टिकचा डबा, त्यात सहा होळग्या, वरून तूप. माणूस वाईट नव्हता. म्हणून तर जास्त वाईट. त्यांच्या दुकानात बसवण्णांची तसबीर होती, तिच्याखाली जातपात मोडणारं वचन, आणि ते रोज तिला हार घालायचे.

"गरम हाईत. लगीच खा."

"घरी येणार होतो ना, अप्पा?"

"म्हातारी हाय घरात." ते डब्याकडं बघत म्हणाले. "नव्वद वर्साची. तिला आता काय समजावायचं? तू शिकलेला हाईस, तुला कळतंय." उतरता उतरता वळले. "डबा परत द्यायची गरज न्हाई. टाकून दे."

घरी सावित्रीबाईंनी, त्याच्या आईनं, डबा उघडून वास घेतला. एक तुकडा मोडून तोंडात टाकला. "गूळ कमी हाय," म्हणाल्या. मग लेकाकडं बघितलं. "आमी असल्या डब्यातलं लई खाल्लंय. तू न्हाई खाल्लंस तर काय बिघडत न्हाई."

रविवारी कार्यक्रम नसतो. सोमवारी सिद्धलिंगप्पा खुशीत होता. "आज जगदेवप्पाला पहिला घे. मजा येईल. तू नुसतं वा वा म्हण, पुढची तीन वर्सं चालतंय."

रत्नपालनं पहिला फोन लावला.

"मग?" जगदेवप्पा जोरात हसले. गडगडाट तोच होता. "सांग की जनतेला, होळगी कशी होती?"

"खाल्ली न्हाई."

"कामून?"

"पैज घरी येऊन खायची होती, अप्पा. तुम्ही डबा जिन्यावर दिलात. परत देऊ नको म्हणालात. मी संगमेश होतो तवा तीन वर्सं घरी बोलावलात. मी रत्नपाल आहे. आता बोलावता का?"

पलीकडं दुकानात कोणीतरी पोतं टाकल्याचा आवाज आला. मग तोही नाही. रेडिओवर मोकळी शांतता म्हणजे पाप. सिद्धलिंगप्पा हातवारे करत होता, गाणं लाव, गाणं लाव. रत्नपालनं बटणावरचा हात काढून मांडीवर ठेवला. तालुक्यातल्या चहाच्या टपऱ्यांवर, दुकानांत, ट्रॅक्टरवर ती शांतता वाजत राहिली.

"रेंज न्हाई इथं," जगदेवप्पा म्हणाले. "आवाज येईना." आणि फोन ठेवला.

आवाज काचेसारखा स्वच्छ येत होता.

सिद्धलिंगप्पा दार उघडून आत आला. माईक चालू होता म्हणून तोंडातल्या तोंडात म्हणाला, "उद्यापासून येऊ नको."

"सहा वाजायचेत अजून," रत्नपाल म्हणाला. ते सगळ्यांना ऐकू गेलं.

त्यानं पुढचा नंबर लावला. ईरम्मा अक्का होती. म्हणाली, "त्या चढाईवाल्या पोरीची माय आली होती का ओ सामना बघायला?"

"न्हाई, अक्का. कामावर होती."

"तिला कोण सांगितलं मग?"

"पोरगीच पळत गेली म्हणतेत, रानात."

"बरं झालं," ईरम्मा म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला. होळगीचं ना तिनं काढलं, ना त्यानं.

त्या दिवशी अकरा मिस्ड कॉल होते. त्यानं अकराही नंबर लावले. पाच जणांनी उचलले, बाकीच्यांची घंटा नुसती वाजली. सहा वाजता त्यानं माईक बंद केला, चपला पायात घातल्या आणि जिना उतरला.