हातात उरलेली पानं

आमच्या नातीला, मिओरीला, हरणं सोसत नाही, असं घरात सगळ्यांचं ठाम मत होतं. ती बालवाडीत असताना क्रीडादिनाला शिक्षिकांनी ठरवलं, की धावण्याच्या शर्यतीत सगळ्या मुलांनी हातात हात घालून एकदमच रेषा ओलांडायची. म्हणजे कोणी पहिलं नाही आणि कोणी शेवटचं नाही. मुलं निघाली. रेषा अगदी समोर आल्यावर मिओरीने दोन्ही बाजूंचे हात झटकले आणि पहिली आली. तिच्या आईने पुढे कितीतरी दिवस इतर आयांची वाकून वाकून माफी मागितली. मी शिक्षिकांकडे जाऊन बक्षीस कधी मिळेल, एवढंच विचारलं.

हा स्वभाव तिच्यात कुठून आला ते कोणालाच कळत नाही. माझा मुलगा कोहेई अत्यंत सौम्य. रांगेत मागच्याला स्वतःहून पुढे जाऊ देतो. सून तामाकी त्याच्याहून सौम्य. माझी बायको सुमिए फुलांची रचना शिकवते. आणि मी तर निवृत्त माणूस. पूर्वी सकाळी म्हाताऱ्यांच्या मंडळात गेटबॉल खेळायला जायचो. लाकडी हातोडीने चेंडू कमानीतून काढायचा, अगदी निरुपद्रवी खेळ. पण मंडळाने माझ्या प्रकृतीच्या काळजीपोटी मला थोडे दिवस विश्रांती घ्यायला सांगितली. ती विश्रांती अजून चालू आहे.

यंदा नववर्षाला सगळे सोंगट्यांच्या पटाभोवती बसले. मी तेव्हा सर्दीने आडवा होतो, म्हणून खेळात नव्हतो. मिओरी जिंकली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तिने पट उधळून लावला. हरल्यावर पट उधळणारी मुलं घरोघरी असतात. जिंकल्यावर उधळणारी आमचीच. तामाकीने लहान मुलांच्या मनावरचं एक जाडजूड पुस्तक आणलं, पण त्यात हा प्रकार नव्हता.

शाळेतही तेच. वर्गातल्या मुली तिला खेळायला बोलवेनाशा झाल्या होत्या. मधल्या सुट्टीत ती एकटीच बसते, असं बाईंनी फार मऊ शब्दांत कळवलं होतं. वर्गात सध्या चित्रांच्या पत्त्यांचं वेड होतं. पाकिटं विकत घ्यायची, पानं जमवायची, त्यातून आपला कॅट बांधायचा आणि दुसऱ्याच्या कॅटशी लढायचं. नवव्या वाढदिवसाला मिओरीने असा खेळ मागितला. पण कुठला, ते ती सांगेना. बघून ठरवीन, म्हणाली. कोहेईने ते काम माझ्यावर टाकलं. शक्यतो ज्यात हारजीत फारशी नाही असा एखादा बघा, असंही सुचवलं. तसे खेळ असतात, त्यांना व्यायाम म्हणतात, असं मी त्याला म्हणालो नाही. माझी कसोटी वेगळी होती. डाव छोटा हवा, म्हणजे रडणंही छोटं होईल.

दुकान आमच्या छप्पर घातलेल्या बाजारात, गाद्यांच्या दुकानाच्या वर. जिना चढून गेलो तर लांब लांब टेबलं, आणि सूट घातलेली मोठी माणसं एकेक पान नखाच्या टोकावर धरून उजेडात तपासत होती. इतकी शांतता मी फक्त पोटदुखीच्या दवाखान्यात पाहिली आहे. दुकान चालवणाऱ्या कुरामोतोबाई तिशीच्या, अंगात ॲप्रन, केस मोकळे आणि आवाज असा गोड, की चहात साखर लागू नये. नव्या गिऱ्हाइकाला त्या स्वतः समोर बसून डाव खेळून दाखवतात.

पहिला खेळ गोंडस भुतांचा. एकेक भूत खरवसाच्या वडीसारखं थुलथुलीत, आणि प्रत्येक चालीला नाणं उडवायचं. मिओरी जिंकली. कुरामोतोबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि आजोबांना अभिमान वाटत असेल, म्हणाल्या. मला तो वाटायच्या बेतात होता, तेवढ्यात मिओरीने टेबलावरून हात लांबवला आणि बाईंच्या हातात उरलेली पानं घेऊन उताणी मांडली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोरच्याची पानं न विचारता बघणं म्हणजे पाहुण्याने स्वयंपाकघरात जाऊन फ्रीज उघडण्यासारखं. मिओरीने एका पानावर बोट ठेवलं.

"हे टाकलं असतं तर मी हरले असते."

बाई हसून म्हणाल्या, की अगं, लक्षातच आलं नाही. त्यावर आमच्या रत्नाने दुकानाभोवती सगळीकडे नजर फिरवली, पार छताला टेकलेल्या खोक्यांपर्यंत, आणि म्हणाली, "तुमच्या?"

दुसरा खेळ यंत्रमानवांचा. त्यात जो महागाची पानं विकत घेतो तो जिंकतो, असं मला पाहताक्षणी कळलं. तोही डाव मिओरीने जिंकला. पुन्हा हात लांबवला, पुन्हा पानं उताणी केली. या वेळी तशी दोन निघाली. तिने ती नीट जुळवून बाईंपुढे ठेवली, आणि तिचा चेहरा असा झाला, की मला नववर्षाचा पट आठवला. पट उधळला गेला त्याचा आवाज मी गादीत पडूनही ऐकला होता. चेहरा मात्र आता पाहत होतो.

मी विचारलं, की त्या दिवशी काय झालं होतं.

"बाबा पाचाचे चार मोजतात," ती म्हणाली. "आई तिची सोंगटी मुद्दाम पटावरच्या विहिरीत घालते. आजी डुलकी लागल्याचं सोंग करते. शाळेतसुद्धा. मिओरी चिडते, तिला जिंकू द्या, असं त्यांनी ठरवलंय. मग मी चिडते. मग म्हणतात, बघ, चिडली." जरा थांबून तिने माझ्याकडे बोट केलं. "फक्त आजोबा मला कधीच जिंकू देत नाहीत."

कुरामोतोबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आदर होता की आणखी काही, हे मी तपासत बसलो नाही. मुलाच्या लग्नातही माझी मान इतकी ताठ नव्हती.

बाईंनी मग खरं सांगून टाकलं. दाखवायच्या डावात कॅट असाच लावतात, की नवा माणूस जिंकावा. जिंकलेला माणूस पाकीट घेतो, हरलेला माणूस जिना उतरतो. हे सांगून त्यांनी ॲप्रनच्या खिशातून रबर काढलं, केस मागे घट्ट बांधले आणि तिसरं खोकं उघडलं. खेळाचं नाव डोंगरवाट. दोघांची एकेक खिंड, आणि अस्वलं, कोल्हे, रानडुकरं एकमेकांच्या खिंडीवर सोडायची. आता त्यांच्या आवाजात साखर नव्हती.

त्यांनी माझ्या नातीला असं चितपट केलं, की शेजारच्या टेबलावरच्या सूटवाल्याने हळहळ व्यक्त केली. मिओरीचे कान लालभडक झाले. अशा प्रसंगासाठी तामाकीने माझ्याकडे दोन रुमाल आणि एक टॉवेल दिला होता. मी टॉवेलपासूनच सुरुवात करायची ठरवली. मिओरीने बाईंची पानं उताणी केली. कामाचं असं त्यात एकही उरलं नव्हतं, सगळं तिच्यावर खर्च झालं होतं. ती बराच वेळ ती निकामी पानं पाहत राहिली. मग हात मांडीवर ठेवले, पाठ सरळ केली आणि वाकली.

"हरले," ती म्हणाली. आणि डोकं वर यायच्या आत, "पुन्हा."

पुन्हा हरली. नंतर आणखी एकदा, पण या वेळी बाईंना मध्येच कपाळावर बोट ठेवून विचार करावा लागला. मी टॉवेल पिशवीत परत ठेवला. हाच खेळ हवा, असं मिओरीने जाहीर केलं.

मी बाईंना बाजूला घेऊन विचारलं, की इतकी ईर्ष्या असलेल्या पोरीला हा बरा का. त्या म्हणाल्या, हाच बरा. सुरुवातीला दोघांची खोकी सारखीच असतात, पाकिटं नंतर हळूहळू घ्यायची. आणि हरल्यावर आपण कुठे हरलो ते यात कळतं. ते ज्या खेळात कळत नाही तो अशी मुलं फेकून देतात, त्यांचंही बरोबरच असतं. मी दोन खोकी घेतली. दुसरं अर्थातच केवळ तिच्या सरावासाठी.

घरी मी कोहेईला सगळी हकीकत सांगितली. तो म्हणाला, "पण बाबा, मी तर तिला वाईट वाटू नये म्हणून पाचाचे चार मोजत होतो." मी म्हणालो, की तिला मोजता येतं ही चूक शाळेची. त्या रविवारी तो तिच्याशी मन लावून खेळला आणि खरोखरच हरला. तिने त्याची पानं तपासली आणि पाठीवर थाप मारली. बापाला लेकीने दिलेली अशी थाप मी याआधी पाहिली नव्हती.

शनिवारी ती बाईंच्या टेबलावर जाऊ लागली. तिथे तिच्या वर्गातल्या दोघी यायच्या. मिओरी हरल्यावर वाकून हरले म्हणते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि सोमवारी मधल्या सुट्टीत तिला हाक आली.

बाकीच्या दिवशी शाळेतून ती थेट आमच्याकडे. खालून ऊब देणाऱ्या बैठ्या टेबलाखाली पाय, मांडीवर गोधडी, मध्ये संत्र्यांची टोपली आणि आमची डोंगरवाट. मी रोज जिंकत होतो. सुमिए म्हणाली, "अहो, नऊ वर्षांची आहे ती." मी म्हणालो, म्हणूनच आत्ता जिंकून घेतोय, पुढच्या वर्षी दहाची होईल.

यात माझं कौशल्य होतं, तशी खबरदारीही होती. पहिल्या दिवशी खेळताना मिओरी माझ्या चेहऱ्याकडे फार निरखून बघतेय, असं मला दिसलं. तेव्हा लक्षात आलं, की माझ्या चष्म्याच्या काचेत दिवा चमकतो. दिवा चमकतो तर पानंही दिसत असतील. दुसऱ्या दिवसापासून मी चष्मा काढून खेळू लागलो. कोणी विचारलं तर डोळ्यांना आराम, असं सांगायचो. पानं मला रंगावरून ओळखू येत. अस्वल काळं, कोल्हा तांबडा, बर्फ पांढरा, धुकं राखी. धुकं हे सगळ्यात मोलाचं. ते टाकलं की समोरच्याचा हल्ला त्या फेरीपुरता वाट चुकतो.

फेब्रुवारीतला एक रविवार. दुपारीच आभाळ भरून आलं होतं आणि दिवा लावायला कोणी उठलं नव्हतं. मिओरीने कोल्ह्यांची हूल दिली, मी तिकडे धावलो आणि मागून तिचं अस्वल थेट माझ्या खिंडीत शिरलं. माझ्या हातात दोनच पानं उरली होती, दोन्ही बर्फाची. बर्फ अस्वलाला काय करणार. मी हरलो.

मिओरी नाचली नाही, ओरडली नाही. तिने हात लांबवला आणि माझी पानं उताणी केली. एक बर्फ होता. दुसरं धुकं.

तिचा चेहरा हळूहळू तसाच झाला, दुकानातल्या दुसऱ्या डावानंतर झाला होता तसा. सुमिएचा हात संत्र्याच्या सालीवर थांबला.

"तूसुद्धा?" मिओरी म्हणाली.

आयुष्यात माझ्यावर पुष्कळ आरोप झाले आणि बहुतेक खरे होते. पण भलेपणाचा आरोप पहिलाच, आणि तो पुसायचा कसा ते कळेना. मी म्हणालो, की मला ते बर्फ वाटलं. ती म्हणाली, की धुकं तर तू नेहमी बरोबर ओळखतोस. मी म्हणालो, की आज अंधारून आलंय. मग चष्मा कुठंय, तिने विचारलं. तो माझ्या मांडीखाली होता. मी काढून दाखवला.

"खेळताना का काढतोस?"

डोळ्यांना आराम म्हणालो असतो, तर सुमिएसमोर अब्रू राहिली असती. पण तो एकच चेहरा माझ्यासमोर होता आणि त्याला दिलेला खोटा जबाब पाचाचे चार मोजण्यासारखाच झाला असता.

"तुला काचेत माझी पानं दिसतील म्हणून," मी म्हणालो. "पहिल्या दिवसानंतर कायम काढून खेळतोय."

सुमिएने माझ्याकडे असं पाहिलं, जसं गेटबॉल मंडळाच्या अध्यक्षांनी पाहिलं होतं. मिओरीने मात्र मान तिरकी केली. तिच्या डोक्यात हिशेब चाललेला मला दिसत होता. ज्याला मुद्दाम हरायचं असतं, तो नातीपासून काचा लपवत नाही. तिच्या कपाळावरची आठी मोकळी झाली, मग गाल वर गेले आणि शेवटी पडलेल्या दाताची खिडकी दिसली.

"म्हणजे मी खरंच जिंकले."

"खरंच," मी म्हणालो.

"काचेत काही दिसत नाही," ती पानं गोळा करत म्हणाली. "मी पहिल्याच दिवशी बघून ठेवलं होतं. नुसता दिवा दिसतो."

सुमिएला हसताना संत्र्याची फोड घशात अडकली. मला मात्र शेजाऱ्यांना बोलावून ही पोरगी दाखवावीशी वाटत होती. ते पुढे ढकललं, कारण आधी एक काम राहिलं होतं. हात मांडीवर ठेवले, गुडघ्यांनी परवानगी दिली तेवढी पाठ सरळ केली आणि वाकलो.

"हरलो."

तिनेही वाकून नमस्कार केला, अगदी रीतसर. मग उठून दिवा लावला आणि कॅट माझ्यापुढे सरकवला.

"चष्मा लाव," ती म्हणाली, "आणि पिस."