व्यंकोजीच्या मरणाची नोंद

“त्या सालची वही वाळवीनं खाल्ली,” चंद्रमौली म्हणाला आणि खिडकीपलीकडच्या बाईकडे न बघता त्यानं दौतीचं झाकण लावलं.

वही त्याच्या पाठीमागच्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर, धडधाकट होती.

बाई हलली नाही. चाळिशीची, उंच, हिरवं सुती लुगडं चापून नेसलेली. कपाळावर कुंकू, हनुवटीवर वस्तऱ्याची निळसर झाक. रांगेतले दोघेतिघे एकमेकांना कोपरानं ढोसत होते. एक जण ‘अली’ ही हिजड्यांना देतात ती शिवी पुटपुटला, तेही तिला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं.

“सन एकोणीसशे सोळा, आवणी महिना,” ती तमिळमध्ये पुन्हा म्हणाली. “नाव व्यंकोजी, बापाचं नाव हनुमंतराव. जन्माचा उतारा हवा. मतदार यादीच्या सुनावणीत दाखवायचाय.”

“सांगितलं ना, वही नाही.”

ती गजांपाशी वाकली आणि रांगेतल्या कुणाला कळणार नाही अशा घरच्या मराठीत हळूच म्हणाली, “चंद्रा, तूं बरा आहेस कीं? आई गेली म्हणून आइकलें. मला कोणी सांगून धाडलें नाहीं.”

आई गेल्यापासून त्याला चंद्रा म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. आणि ही बोली तर उंबऱ्याच्या आतली. कुंभकोणममधली त्यांची सगळीच मराठी घरं दाराबाहेर पाऊल टाकलं की तमिळ बोलत. भर कचेरीत कुणी आपलं धोतर फेडावं तसं त्याला झालं.

“पुढचा कोण?” तो तमिळमध्ये ओरडला.

ती बाजूला झाली. जाताना तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

चंद्रमौली अठरा वर्षं त्या खिडकीत बसत होता. नोंद-कचेरीतला कारकून, गावात जन्मलेलं प्रत्येक मूल आणि मेलेला प्रत्येक माणूस त्याच्या बोरूखालून जाई. अक्षर मोत्यासारखं. अधिकारी त्याची वही नव्या कारकुनांना दाखवत. त्याच अक्षरात, नोकरीच्या पहिल्या वर्षी, मरणाच्या वहीत त्यानं एक नोंद केली होती : व्यंकोजी, वय बावीस, कावेरीच्या पुरात बुडून मृत्यू, प्रेत सापडलं नाही.

व्यंकोजी म्हणजे त्याचा थोरला भाऊ. लहानपणी दोघं आईबरोबर मरुदानल्लूरला भजनाला जात. व्यंकोजी गाऊ लागला की पुढे बसलेल्या बायकासुद्धा वळून बघत. पुढे तो आईची लुगडी नेसून माडीवर बसू लागला. वडिलांनी त्याला तुळईला बांधून मारलं. मग एका पहाटे तो गेला. बुडाला नव्हता, मदुरेच्या गाडीत बसताना त्याला लोकांनी पाहिलं होतं. पण बहिणीचं, अंबाबाईचं, लग्न ठरत आलं होतं आणि मुलाकडचे विचारत होते, थोरला कुठे असतो?

“लिहून टाक,” वडील म्हणाले होते. “मेला म्हणून लिही. आमास एवढं कर.”

एकोणीस वर्षांच्या चंद्रमौलीनं लिहिलं. अक्षर तेव्हाही सुरेख होतं.

खिडकीशी आलेली ती गावात परतली त्याला आता तीन वर्षं झाली होती. अरसलार नदीच्या काठी झोपड्यांची एक ओळ होती. तिथं तिच्यासारख्याच आठ जणी राहत. हार गुंफायच्या, लग्नघरी भात कांडायच्या, बारशाला गायच्या. ही नववी. तिनं नाव घेतलं होतं विशालाक्षी. चंद्रमौलीनं तिला बाजारात लांबून पाहिलं होतं आणि दोनदा रस्ता बदलला होता.

मग यादीचं प्रकरण निघालं. निवडणूक जवळ आली तसे नावं लिहून घेणारे घरोघर फिरले आणि झोपड्यांची ओळ वगळून पुढे गेले. रकाने दोनच, पुरुष आणि स्त्री, तुम्हाला कशात बसवू, असं त्यातला एक हसत म्हणाला. विशालाक्षीनं ते मनावर घेतलं. आधी यादीत असलेल्या कुणाची तरी सही अर्जाखाली लागते, एवढं तिनं शोधून काढलं, आणि दोन महिने ती दारोदार फिरली. पितळी समया ओतणाऱ्यांच्या आळीत, धोब्यांच्या घाटावर, पानमळ्यांत. कुठे दार लावून घेतलं, कुठे अंगावर पाणी टाकलं. पण सह्या मिळत गेल्या. रोज सकाळी ती आठही जणींना जमिनीवर कोळशानं स्वतःचं नाव गिरवायला लावी.

मीनाक्षीबाईनं, चंद्रमौलीच्या बायकोनं, हे त्याला जेवताना सांगितलं. तिला दिराबद्दल खरं काही माहीत नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा भिंतीवर त्याच्या फोटोला हार होता.

“ती उंच बाई आज अमच्या वीथींत आल्ती,” ती म्हणाली. “पार्वतक्कानीं विचारलें, तुमास मत कासाला? तर म्हणे, दरवर्षीं अमची घरें मोडतात, दवाखान्यांत घेत नाहींत, शिपाई उगेच धरून नेतात. यादींत नांव असलें तर मत मागायाला तरी कोणी दारीं येईल. बरोबरच बोल्ली कीं, नाहीं का?”

चंद्रमौलीनं सांबाऱ्यातला कढीपत्ता ताटाच्या कडेला काढला.

“अस्क्या घरांस गेली. अमचेंच एक दार सोडलें. कासाला म्हणून?”

“मला काय ठाऊक,” तो म्हणाला.

हरकत घेतली ती शंकरनारायणनं. त्याची भाताची गिरणी नदीकाठी होती आणि झोपड्यांची जागा त्याला हवी होती. हे लोक कुठून तरी आलेले, यांना गाव नाही, घर नाही. ही पुढारीण तर सरळ खोटारडी, असं त्यानं लेखी दिलं. पहिल्या सुनावणीत अधिकारी म्हणाला, तुमच्यातल्या एकीचा तरी या गावचा जन्माचा पुरावा आणा. त्यासाठी ती खिडकीशी आली होती.

आणि तीन दिवसांनी त्याच खिडकीशी शंकरनारायणचा माणूस आला.

“हनुमंतरावांचा थोरला बुडून मेला, असं म्हातारे सांगतात,” तो म्हणाला. “मरणाचा उतारा मिळेल? तुमच्याही फायद्याचं आहे, राव. ती बया तुमच्या घराण्याचं नाव घेत फिरते. लोक बोलायला लागले तर?”

चंद्रमौलीला नाही म्हणता आलं असतं. वाळवी पुन्हा एकदा कामी आली असती. पण त्याच्या डोळ्यांसमोर पंकजा आली, त्याची मुलगी. येत्या वैशाखात तिचं लग्न होतं. तो उठला, वही काढली आणि उतारा लिहून दिला. शाई वाळेपर्यंत त्यानं कागदावर फुंकर घातली.

दुसऱ्या सुनावणीला त्याला वही घेऊन बोलावलं गेलं.

तालुका कचेरीच्या व्हरांड्यात आठ जणी ओळीनं उभ्या होत्या, धुतलेली लुगडी, तेल लावून घट्ट बांधलेले केस. त्यांच्यातली सगळ्यांत म्हातारी नागलक्ष्मी भिंतीला टेकली होती. पलीकडे त्यांच्या अर्जांवर सह्या केलेली माणसं. विशालाक्षी पुढे, हातात कागदांची चवड.

अधिकारी तरुण होता, चष्मेवाला. त्यानं वही स्वतःकडे ओढली.

“हे अक्षर तुमचं?”

“हो, साहेब.”

“मृत इसम तुमचा कोण?”

“थोरला भाऊ.”

“ही बाई म्हणते, तो मीच. नोंद खरी आहे का?”

खोलीत पंखा फिरत होता. ती त्याच्याकडे बघत होती, रागानं नाही. लहानपणी तो गणिताचं उत्तर देताना अडखळला की ती अशीच बघायची, सांग, येतं तुला, अशी. खोटी नोंद केली म्हटलं की नोकरी गेली. तुरुंगही असेल. लग्न तर मोडलंच. हे सगळं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि त्याबरोबर आणखीही एक आलं जे त्यानं नंतर कधीच कुणाला सांगितलं नाही. नोकरीची भीती नसती तरीही त्या माणसांदेखत ‘ही माझी आहे’ हे शब्द त्याच्या तोंडातून निघाले नसते.

“खरी आहे,” तो म्हणाला.

अधिकाऱ्यानं चष्मा वर सारला. “मग तू कोण गं? मेलेल्या माणसाचं नाव सांगणं हा गुन्हा आहे, माहितेय?”

विशालाक्षीनं क्षणभर खाली पाहिलं. मदुरेच्या गाडीत तिला बसताना पाहिलेला स्टेशनवरचा हमाल अजून जिवंत होता. अंबाबाई होती. डाव्या पायावर वडिलांनी दिलेल्या डागाचा वण होता. तिनं तोंड उघडलं असतं तर चंद्रमौली संपला होता.

“कारकुनांनी लिहिलंय ते बरोबर आहे, साहेब,” ती म्हणाली. “व्यंकोजी मेला. माझ्या अर्जात त्याचं नावही नाही. बघा ना. विशालाक्षी लिहिलंय.”

“मग विशालाक्षीचा जन्म कुठला?”

“त्याची वही कुठल्याच कचेरीत नाही.”

कुणीतरी हसलं. ती थांबली नाही. “यांची हरकत माझ्यावर आहे, मी खोटारडी म्हणून. मग मला बाजूला करा. पण या आठ जणींच्या अर्जांवर यादीतल्या माणसांच्या सह्या आहेत आणि ती माणसं कामं सोडून बाहेर उभी आहेत. त्यांना विचारा.”

अधिकाऱ्यानं खरंच विचारलं. समया ओतणारा महालिंग आत आला. हात काळे, अंगावर उपरणं.

“हे लोक किती वर्षं इथं आहेत?”

“माझ्या लग्नाच्या आधीपासून.”

“आणि लिहू काय? बाई की बाप्या?”

महालिंग गोंधळला. “साहेब, माझ्या बायकोच्या बाळंतपणात या नागलक्ष्मीनं पंधरा दिवस तिला न्हाऊ घातलं. बाप्याला कोण घरात घेईल?”

शंकरनारायणचा वकील उठून बोलू लागला. अधिकाऱ्यानं त्याला हातानं खाली बसवलं आणि बराच वेळ तो लिहीत राहिला. आठ नावं, स्त्री म्हणून, मंजूर. नववा अर्ज नामंजूर.

वही कापडात गुंडाळून चंद्रमौली बाहेर पडला. व्हरांड्यात आठ जणी रडत, हसत एकमेकींना धरत होत्या. त्याला वाट द्यायला विशालाक्षी बाजूला सरकली आणि आपला पदर त्याला लागू नये म्हणून तिनं तो आवरून घेतला.

त्यानंतर त्यानं तीन वेळा अर्ज लिहायला घेतला : सदर नोंद माझ्या हातून चुकीनं झाली असून. तिन्ही वेळा ‘चुकीनं’ या शब्दाशी तो थांबला आणि कागद चुलीत टाकला.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये मतदान झालं. चंद्रमौलीला एका शाळेतल्या बायकांच्या केंद्रावर नेमलं होतं. काम सोपं, डाव्या हाताच्या बोटाला शाई लावायची. नऊच्या सुमाराला रांगेत कुजबुज झाली, पुढच्या बायकांनी मध्ये जागा सोडली आणि त्या जागेतून आठ जणी आत आल्या.

नागलक्ष्मीनं हात पुढे केला. हाराच्या सुईनं टोचून टोचून बोटांची टोकं खरखरीत झाली होती. यादीत नाव सापडलं, क्रमांक वाचला गेला. त्यानं काडी शाईत बुडवली.

“थोडी जास्त लाव, सामी,” ती म्हणाली. “लवकर जायला नको.”

त्यानं जास्त लावली. आठही जणींना लावली.

शेवटची बाहेर पडल्यावर तो सोबतच्या कारकुनाला सांगून उठला. शाळेपासून शंभर पावलांवर चुन्याची रेघ होती. तिच्या पलीकडे, उन्हात, विशालाक्षी उभी होती. आठही जणींच्या चपला तिच्या पायांपाशी होत्या. अंगणातून अनवाणी गेलो तर शाळा बाटली असं कुणी म्हणणार नाही, असं त्यांनीच ठरवलं होतं म्हणे.

तो रेघेपाशी थांबला. “अक्का,” म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा. तिनं मान वर केली.

“आठीजणींचें जालें?”

“जालें.”

“कोणी अडवलें नाहीं?”

“नाहीं.” मग घाईघाईनं, आवाज दाबून, “ती नोंद मी... पंकजाचें लग्न होऊं दे. मग मी लिहून देतों, व्यंकोजी मेला नाहीं म्हणून.”

“नोको. तो मेला तें बरें जालें.” ती वाकून चपलांचे जोड लावू लागली. “पुढच्या वेळीं माझ्या अर्जावर सई करशील? विशालाक्षी म्हणून? तुझें नांव यादींत आहे.”

साधी सही मागितली होती. चंद्रमौलीनं तोंड उघडलं. तेवढ्यात शाळेच्या फाटकातून त्याचे साहेब बाहेर आले, पान तोंडात टाकत, इकडेच बघत.

“बघतों,” तो म्हणाला.

अठरा वर्षं खिडकीतून प्रत्येकाला तो हेच सांगत आला होता. समोरची माणसं मान हलवून निघून जात. तिनंही तशीच मान हलवली.

आठ जणींनी चपला घातल्या. नदीच्या रस्त्यानं त्या ओळीनं निघाल्या, लुगड्याला डाग पडू नये म्हणून डावा हात प्रत्येकीनं अंगापासून दूर धरलेला. विशालाक्षी सगळ्यांत मागे होती. वळणाशी नागलक्ष्मी थांबली, आपलं बोट तिला पुन्हा एकदा दाखवलं, आणि ती वाकून ते नीट बघत राहिली.

“राव,” फाटकातून साहेबांची हाक आली, “रांग थांबलीय.”