फेर्मीन आजोबांची शिकवणी

जरा कल्पना करा. दुपारचे दोन वाजलेत. आमच्या सुक्रे गावातली दुकानं बंद आहेत, कुत्रीसुद्धा सावलीला पडली आहेत. घरातली माणसं जेवून आडवी झाली आहेत. तुम्ही नऊ वर्षांचे आहात, झोप येत नाहीये, आणि बंद दारापलीकडे कुणीतरी हळू आवाजात शिकवतंय. आवाज ओळखीचा आहे, तुमच्या आजोबांचा. पण आजोबांना जाऊन दोन वर्षं झाली.

हिमेनाला तेच ऐकू आलं.

त्या दाराआड लिसबेत राहायची. डेन्मार्कहून आमची भाषा शिकायला आलेली, विशीतली मुलगी. तिकडे नुसत्या खोलीला जे भाडं पडतं, त्यात आमच्याकडे महिनाभर राहणं, जेवण आणि शिकवणी होते. म्हणून अशी पोरं येतात. सकाळी मी तिला शाळेत शिकवायचो, आणि ती हिमेनाच्या आजीकडे, कासिल्दाबाईंकडे राहायची. पहिले तीन आठवडे तिला धड ‘नमस्कार’ म्हणता येत नव्हतं.

मग एक दिवस अकराच्या सुट्टीत आम्ही सालतेन्या, रस्सा भरलेल्या करंज्या, खात होतो. आतला गरम रस्सा माझ्या मनगटावर ओघळला. लिसबेत म्हणाली, “सांडा, मास्तर, सांडा. शर्ट काय, बायकोच धुणार आहे!”

माझा घास तोंडातच राहिला. तीस वर्षं हा टोमणा मला एकच माणूस मारत आला होता. हिमेनाचे आजोबा, फेर्मीन.

“हे कुणी शिकवलं तुला?”

“घरच्या आजोबांनी. दुपारी शिकवतात. पैसे घेत नाहीत. एक शब्द देतात आणि माझा एक ठेवून घेतात.” ती हसली. मला हसू आलं नाही.

ऑक्टोबर संपत आला तेव्हा हिमेना माझ्याकडे आली. उंबऱ्यातच उभी राहिली.

“मास्तर, लिसबेतताईच्या आईचा फोन आला होता. ताई नुसती कानाला धरून बसली. पलीकडून आई बोलतेय, बोलतेय, रडतेय. मग ताईनं मला विचारलं, ‘ही बाई काय म्हणते गं?’”

“आजीला सांगितलंस?”

“आजी म्हणाली, ‘चांगलंय की, अभ्यास जोरात चाललाय.’”

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला दुपारी बाराला आमची गेलेली माणसं घरी येतात, दुसऱ्या दिवशी बाराला परत जातात. कुणी वारलं की तीन वर्षं त्याच्यासाठी टेबल मांडायचं. काळं कापड, फोटो, उसाची कांडी, त्याचं आवडतं खाणं, आणि माणसाच्या आकाराचे पाव. जाताना मेलेला माणूस रिकाम्या हातानं जातो, इथल्या माणसांकडून घेतलेलं सगळं इथेच ठेवतो. मात्र बाराच्या घंटेपर्यंत टेबलावरचा प्रत्येक पाव प्रार्थनेला आलेल्यांच्या पोटात गेला पाहिजे. एक जरी उरला, तरी जाणाऱ्याचा पाय निघत नाही.

फेर्मीनचं ते तिसरं, शेवटचं टेबल होतं. दोन तारखेला मी प्रार्थनेला गेलो. बाराला पाच मिनिटं होती. पाव वाटून संपले होते, माणसं पांगली होती. तेवढ्यात हिमेना लिसबेतच्या खोलीतून धावत आली. चेहरा पांढराफटक. छातीशी एक पाव धरलेला, दगडासारखा कडक. त्याला कणकेच्या मिशा होत्या, अगदी फेर्मीनसारख्या.

“ताईच्या कपाटात होता. वरच्या फळीवर, आजोबांच्या टोपीखाली. ताई समोरच्या रिकाम्या खुर्चीशी बोलतेय. मी हलवलं तरी बघत नाही. आजी, हा मागच्या वर्षीचा आहे ना?”

“हळू बोल,” कासिल्दा म्हणाल्या. “आण इकडे.”

“तू लपवलास?”

“चाळीस वर्षं ज्याच्या घोरण्यानं झोप लागली नाही, तो गेल्यावरही लागेना. ठेवला एक. दुपारचा आवाज येतो, तेवढाच आधार.”

मी म्हणालो, “कासिल्दा, परक्याची पोर आहे ती. तिची आई तिकडे रडतेय.”

“तुमचं काय जातंय, मास्तर? तुमची बायको घरी बसलीय ना जिवंत?” त्यांनी हात पुढे केला. “हिमेना, दे तो. हा गेला तर कायमचा जाईल. पुढच्या वर्षी टेबल नाही, काही नाही. तुला नकोत आजोबा?”

हिमेनानं पाव आणखी घट्ट धरला. आजोबांच्याच मांडीवर ती वाचायला शिकली होती.

खोलीतून लिसबेतची हाक आली. आवाज तिचाच होता, पण बोलणं तिचं नव्हतं.

“चिमणे, ये गं. आज तुझाही धडा घेऊ.”

हिमेनाला चिमणी म्हणणारं जगात एकच माणूस होतं. तिचं एक पाऊल दाराकडे पडलंसुद्धा. मग ती थांबली.

“आजोबा,” तिनं तिथूनच विचारलं, “ताईला तिच्या आईशी बोलू द्याल?”

आतून खुर्ची करकरली.

“तिला आता काय करायचीय आई?”

चर्चच्या घंटेचा पहिला टोला पडला. कासिल्दा पावावर झडप घालायला उठल्या. हिमेना टेबलाखालून पलीकडे निघाली, आजोबांसाठी भरून ठेवलेला कॉफीचा कप तिनं ओढला, तो दगडासारखा पाव त्यात दाबून बुडवला, डोळे घट्ट मिटले आणि मिशांपासून खायला सुरुवात केली.