स्वयंपाकघराचं दार

आमच्या केंटकीच्या खोऱ्यात घराचं पुढचं दार दोनच कारणांनी उघडतं. नवा पाद्री पहिल्यांदा भेटायला आला तर, नाहीतर घरातली शवपेटी निघाली तर. बाकी सगळे मागून येतात, स्वयंपाकघरातून. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून तर मी ते लिहिलं नाही, आणि आता बसलेय स्वतःला शिव्या घालत.

बारा वर्षं मी चर्चची व्हॅन चालवली. सीटा फाटलेल्या, हीटर मनात आलं तर चालणार. पण म्हाताऱ्याकोताऱ्यांना दवाखान्यात नेण्याआणण्यात एक दिवस खाडा नाही. आर्लिन स्टिडम माझा मंगळवार, गुरुवार, शनिवारचा माणूस. वय अठ्ठ्याहत्तर, बायको गेलेली, कान गेलेले आणि दोन्ही मूत्रपिंडंही गेलेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस झालं तरच तो जगणार. मी व्हॅन घरामागे न्यायची आणि जाळीचं दार ढकलून आत शिरायची. हा टोपी घालून टेबलापाशी तयार.

"नेडीन, आधी कॉफी घे."

"कॉफी कसली, डांबर आहे ते!" मी त्याच्या कानाशी ओरडायची.

"बरंय की. तेवढाच वेळ तुझं तोंड बंद राहतं."

वसंतात काउंटीने, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या सरकारने, आमची व्हॅनसेवा ताब्यात घेतली. नव्या कोऱ्या पांढऱ्या व्हॅन, गणवेश, प्रत्येक ड्रायव्हरसमोर संगणकाचा पडदा. सभेत मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू? मला पगार मिळणार होता, विमा मिळणार होता. त्यांनी माझ्याकडून प्रत्येक माणसाचा तक्ता भरून घेतला. नाव, पत्ता, वार, आजार. शेवटचा रकाना होता "विशेष सूचना". आर्लिनसमोर मी तो कोरा सोडला. काय विशेष होतं त्याचं?

मग मला टाकलं काउंटीच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि आर्लिनच्या रस्त्यावर आला ट्रेंट. शहरातला, सरळमार्गी माणूस. नियम असा की व्हॅन पत्त्यासमोर रस्त्यावर उभी करायची, ड्रायव्हरने जागा सोडायची नाही, हॉर्न मारायचा नाही. पाच मिनिटं थांबायचं, कुणी आलं नाही तर "गैरहजर" दाबून निघायचं. तीनदा गैरहजर झालं की महिनाभर सेवा बंद.

पहिल्याच रविवारी आर्लिन चर्चमध्ये दिसला नाही. तडक त्याच्या घरी गेले आणि जाळीचं दार ढकललं. हा टेबलापाशी, डोक्यावर टोपी. पाय सुजून बूट चढत नव्हते. धाप लागली होती.

"किती उशीर केलास गं," तो म्हणाला. "मंगळवारपासून वाट बघतोय. दवाखान्याचा फोन आला वाटतं, मी सांगितलं, व्हॅन येतेय."

माझं डोकंच फिरलं. माझ्याच गाडीत घालून त्याला मोठ्या इस्पितळात नेलं. सोमवारी सकाळी काउंटीच्या कचेरीत जाऊन धडकले. हॅस्केल नावाचा साहेब पडद्यात बघून म्हणाला, "ग्राहक तीनदा गैरहजर."

"गैरहजर? अहो, तो घरातच होता! मागच्या बाजूला!"

"तसं इथे लिहिलेलं नाही, बाई. तक्ता तुम्हीच भरलाय ना?"

थोबाडीत बसल्यासारखं झालं. पण हटले नाही. ओरडले, रडले, टेबल बडवलं. शेवटी त्याने बंदी उठवली. शेवटच्या रकान्यात माझ्यासमोर टाइप केलं: मागचं दार, ऐकू येत नाही, आत जाऊन बोलवा. "गुरुवारपासून व्हॅन येईल," म्हणाला. "झालं समाधान?"

मंगळवारी पहाटे इस्पितळातच आर्लिन गेला. आठवडाभर शरीरात साठलेलं पाणी छातीत चढलं होतं. काउंटीला कळवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

गुरुवारी शवपेटी घरी आणली. पाद्रीने प्रार्थना म्हटली. बायको गेली तेव्हापासून पुढचं दार उघडलं नव्हतं, चौकट फुगून बसली होती. दोघांनी खांदा लावला तेव्हा उघडलं. सहा जणांनी पेटी उचलली आणि पायऱ्या उतरू लागले.

घरामागे गाडीचा आवाज आला. मी स्वयंपाकघरात धावले. मागच्या अंगणात पांढरी व्हॅन उभी होती. ट्रेंट चक्क जागा सोडून उतरला होता आणि जाळीच्या दारावर टकटक करत होता.

"स्टिडमसाहेब!" तो मोठ्याने हाका मारत होता. "चला, व्हॅन आलीये!"

मला काळ्या कपड्यात पाहूनही त्याला उलगडा झाला नाही. मी जाळीचं दार उघडलं. त्याने आत डोकावून रिकाम्या टेबलाकडे बघितलं आणि मग घड्याळाकडे.

"घाई नाही," तो हसून म्हणाला. "पाच मिनिटं आहेत अजून."